सूचना चिकटवली की पान का विस्कटतं? मराठी मजकूर आणि एचटीएमएलच्या नेहमीच्या कुरबुरी

ऑगस्ट लागला की ही तक्रार सुरू होते. गृहनिर्माण सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते, सभेआधी चौदा दिवसांची सूचना द्यायची असते, आणि ती सूचना फलकाबरोबर आता वेबसाइटवरही चढवायची असते. घोडबंदर रोडचा टॉवर असो, वर्तकनगरची जुनी इमारत असो की नेरूळच्या सेक्टरमधली सिडकोची सोसायटी, फोनवरचं वाक्य तेच असतं: “वर्डमध्ये नीट दिसतंय हो, साइटवर टाकलं की सगळं विस्कटतं.” त्याला जोडून दुसरं: “मागच्या वेळी तुम्ही करून दिलं होतं ना, मग परत कसं बिघडलं?”

परत बिघडतं, कारण मागच्या वेळी पान दुरुस्त केलेलं असतं, मजकूर ज्या वाटेने येतो ती वाट तशीच राहिलेली असते. सेक्रेटरी काकांनी वर्डमध्ये लिहिलं, खजिनदारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बदल सुचवले, कुणीतरी ते दोन्ही जोडून ईमेल केलं आणि शेवटी ऑफिसातल्या मुलाने ते साइटच्या चौकटीत चिकटवलं. या चार थांब्यांपैकी प्रत्येक ठिकाणी मजकुराला काहीतरी चिकटतं किंवा त्यातून काहीतरी गळतं. म्हणून पानावर काय दिसतंय यापेक्षा ते कुठल्या थांब्यावर घुसलं हे आधी शोधावं लागतं.

एचटीएमएल ही वेबपान लिहायची भाषा, आणि मजकूर कसा दाखवायचा ते ब्राउझरला सांगणाऱ्या तिच्या खुणा म्हणजे टॅग. टॅगांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय: पी (परिच्छेद), बी (ठळक), बीआर (ओळ तोडणे), यूएल (मुद्द्यांची यादी). पानात टाकताना ती रोमन लिपीत, कोनी कंसांमध्ये टाकायची, हे वेगळं सांगायला नको.

आधी सोर्स बघा

बिघडलेलं पान उघडून कंट्रोल-यू दाबा. पानाचा सोर्स, म्हणजे सर्व्हरने (साइट ठेवलेल्या संगणकाने) जे पाठवलं ते, जसंच्या तसं दिसेल. राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलंत तर दिसतं ते वेगळं असतं. तिथे ब्राउझरने आपल्या समजुतीप्रमाणे सावरून घेतलेलं पान असतं. न बंद केलेला टॅग इन्स्पेक्टमध्ये छान बंद केलेला दिसतो, आणि शोधणारा तासभर चुकीच्या जागी बघत बसतो. चूक शोधायला सोर्स, रंग-आकार कुठून आला ते शोधायला इन्स्पेक्ट, एवढी विभागणी लक्षात ठेवली तरी पुष्कळ वेळ वाचतो. फायरफॉक्समध्ये सोर्स उघडला तर गडबडीच्या जागा लाल रंगात दाखवल्या जातात. मी क्रोम वापरतो, पण या एका कामासाठी फायरफॉक्स ठेवलाय.

ओळी एकमेकींत मिसळल्या

सगळ्यात जास्त वेळा येणारी आणि सगळ्यात सोपी तक्रार. वर्डमध्ये वेळ, स्थळ आणि विषय वेगवेगळ्या ओळींवर होते, पानावर एकाच लांब ओळीत आले. एचटीएमएलमध्ये एंटर, टॅब आणि स्पेस यांत फरक नसतो. ओळीने कितीही आले तरी त्यांची मिळून एकच मोकळी जागा होते. ही ब्राउझरची चूक नाही, नियमच तसा आहे.

यावरचा सर्रास इलाज म्हणजे प्रत्येक ओळीनंतर बीआर ठोकणं. तो बऱ्याच ठिकाणी चुकीचा आहे. बीआर अशा ठिकाणी वापरायचा जिथे ओळ तुटणं हा मजकुराचाच भाग आहे: कवितेच्या ओळी, पत्ता. वाचनालयाच्या पानावर कविता असेल तर बेलाशक बीआर टाका. पण सूचनेतला परिच्छेद संपला म्हणून दोन बीआर टाकले, तर मधलं अंतर पुढे बदलता येत नाही आणि मोबाइलवर ते भलतंच मोठं दिसतं. परिच्छेदाला पी, मुद्द्यांना यादीचा टॅग.

साइटच्या चौकटीत फक्त साधा मजकूरच टाकता येत असेल आणि टॅग घालणं ऑफिसातल्या मुलाला जमणार नसेल, तर एक सोय आहे. त्या भागाच्या सीएसएसमध्ये (पानाचे रंग, आकार, अंतर ठरवणाऱ्या नियमांत) व्हाइट-स्पेस या गुणधर्माला प्री-लाइन ही किंमत द्या. मग एंटर जिथे मारला तिथे ओळ तुटते, जास्तीच्या स्पेस मात्र गिळल्या जातात. काही जण यासाठी प्री टॅग वापरतात. तो नको. त्यात लांब ओळ आपोआप खाली उतरत नाही आणि फोनवर वाचणाऱ्याला सूचना आडवी सरकवत बसावं लागतं.

आणखी एक, रकमा. देखभाल शुल्क, सिंकिंग फंड, पार्किंग शुल्क आणि त्यापुढे रकमा एकाखाली एक याव्यात म्हणून स्पेसबार दाबत नेलेला असतो. वर्डमध्ये ते नीट जुळलेलं दिसतं, पानावर रकमा शब्दांना येऊन चिकटतात. इथे वाद नाही, तक्ताच लागतो. टेबल टॅग जुना, वेबवाले त्याला नाकं मुरडतात वगैरे तुम्ही ऐकलं असेल. पानाची मांडणी करायला तक्ता वापरू नये हे खरं, पण हिशेबाचा तक्ता तक्त्यातच असायला हवा.

इथून खालचं सगळंच ठळक झालं

बी टॅग उघडला, बंद करायचा राहिला. एवढं सगळ्यांना माहीत असतं. मग प्रश्न येतो: “तो परिच्छेद तर संपला ना? पुढचे परिच्छेद का ठळक?” कारण बी, आय, यू यांसारखे टॅग परिच्छेद संपला म्हणून संपत नाहीत. पी बंद झाला की ब्राउझर लक्षात ठेवतो की एक बी अजून उघडा आहे, आणि पुढच्या परिच्छेदात तो स्वतःहून पुन्हा उघडतो. असं पानाच्या तळापर्यंत चालतं. अपवाद तक्त्याचा. टीडीच्या, म्हणजे तक्त्यातल्या एका चौकटीत राहून गेलेला बी त्या चौकटीबरोबरच संपतो, बाहेर येत नाही. म्हणून पान अर्ध्यातून ठळक झालं असेल तर तक्त्यातल्या चौकटी तपासण्यात वेळ घालवू नका. पहिलं ठळक अक्षर कुठे आहे ते बघा आणि सोर्समध्ये त्याच्या लगेच आधी शोधा.

कधी कधी सोर्समध्ये शोधूनही बी टॅग कुणी दिल्यासारखा वाटत नाही. हा प्रकार टॉवरवाल्या सोसायट्यांत हमखास भेटतो. सूचनेत विंगचं नाव उठून दिसावं म्हणून कुणी ते कोनी कंसात टाकतं: रोमन बी, स्पेस, मग ‘विंग’. ब्राउझरला दिसतो बी नावाचा टॅग, आणि ‘विंग’ हा त्याचा कुठलातरी न समजणारा गुणधर्म. तो गुणधर्म सोडून देतो, बी पाळतो. परिणामी पानावरून बी विंग हे शब्द गायब आणि पुढची सूचना ठळक. ए विंग लिहिली तर नुसती गायब होते, कारण ए हा दुव्याचा टॅग आहे आणि पत्त्याशिवायचा दुवा काहीच दाखवत नाही. सी विंगही गायब, कारण त्या नावाचा टॅगच नाही. आय विंग असेल तर पुढचं सगळं तिरकं, यू विंगला सगळं अधोरेखित. सगळ्यात वाईट एस विंगवाल्यांचं. एस हा खोडलेल्या मजकुराचा टॅग. पाण्याची टाकी धुण्याची सूचना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आडव्या रेघेने खोडलेली पाहून रहिवाशांना वाटतं कार्यक्रम रद्द झाला, आणि ते पाणी भरून ठेवत नाहीत.

विंगचं अक्षर देवनागरीत लिहिलं असतं तर हे झालंच नसतं. कोनी कंसानंतर लगेच रोमन अक्षर आलं तरच ब्राउझर त्याला टॅग समजतो. अंक किंवा देवनागरी अक्षर आलं तर कंस जसाच्या तसा छापतो. पण यावर विसंबू नका, साधे गोल कंस वापरा. कोनी कंस दाखवायचाच असेल तर त्याच्या जागी अँपरसँड (& ही खूण), एल, टी आणि अर्धविराम असा संकेत टाकायचा. बंद होणाऱ्या कंसाला एलटीऐवजी जीटी.

अँपरसँडवरून आठवलं. सूचनेत पैसे भरण्याचा दुवा नुसता मजकूर म्हणून चिकटवला आणि त्यात अँपरसँडला लागून ‘सेक्शन’ हा शब्द असेल, तर पानावर त्यातल्या पहिल्या चार अक्षरांच्या जागी कायद्याच्या पुस्तकात कलमासाठी वापरतात ती दोन एसची वेटोळी खूण उमटते. जुन्या पानांच्या सोयीसाठी काही संकेत अर्धविरामाशिवायही चालवून घेतले जातात, त्यांतला हा एक. कॉपीराइटची खूणही अशीच मध्येच टपकते. दुवा ए टॅगमध्ये नीट घातलात, की त्याच्या आतल्या पत्त्याला हा त्रास होत नाही. दिसणाऱ्या मजकुरात पत्ता न लिहिता ‘इथे भरा’ असं लिहा.

पिवळ्या चौकटीत सूचना, मुद्दे मात्र बाहेर

सूचनेला पार्श्वरंग द्यायचा म्हणून पी टॅगला पिवळा रंग दिला, आत चार वाक्यं आणि मग मुद्द्यांची यादी. पानावर वाक्यं पिवळी, यादी पांढऱ्यावर. पी टॅगच्या पोटात यूएल, ओएल (क्रमांकांची यादी), डिव्ह (नुसती चौकट) यांपैकी काहीही राहू शकत नाही. यादी सुरू होताच ब्राउझर पी बंद करून टाकतो. तुम्ही यादीनंतर लिहिलेला पी बंद करणारा टॅग मग एकटाच उरतो, आणि त्याच्यापासून एक रिकामा परिच्छेद तयार होतो. रंग डिव्हला द्या, पी आणि यूएल दोन्ही त्याच्या आत ठेवा. संपलं.

यादीचे क्रमांक हाताने टाइप करू नका. सभेच्या विषयपत्रिकेत ऐन वेळी चौथा विषय घुसतोच, मग पुढचे सगळे आकडे बदलत बसावं लागतं आणि एखादा राहतोच. ओएल वापरा आणि सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल-टाइपला ‘देवनागरी’ ही किंमत द्या, आकडे १, २, ३ असे आपल्या लिपीत येतात. ही सोय ब्राउझरमध्येच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही, तरी फार थोड्या मराठी पानांवर ती वापरलेली दिसते.

वर्ड आणि व्हॉट्सअ‍ॅप

वर्डमधून चिकटवलेला मजकूर एकटा येत नाही. प्रत्येक परिच्छेदावर वर्डचा क्लास, एमएसओने सुरू होणाऱ्या सूचनांची रांग, आणि शब्दाशब्दाला स्पॅन टॅगमध्ये फाँटचं नाव असा लवाजमा असतो. टॅगमध्येच लिहिलेली शैली तुमच्या सीएसएस फाइलमधल्या साध्या नियमाला हरवते. म्हणून फाइलमध्ये आकार कितीही बदलला तरी ती सूचना जागची हलत नाही. पानावर अर्धा मजकूर मंगलमध्ये, अर्धा निर्मलामध्ये दिसतो तो यामुळेच. जुन्या साइटवर याच जागी फाँट टॅग सापडतात. तो टॅग १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्येच ‘वापरू नका’ म्हणून सांगितला गेला होता, २०१४ च्या एचटीएमएल ५ ने तो बादच केला. ब्राउझर मात्र अजूनही तो निमूटपणे पाळतात, त्यामुळे कुणी काढत नाही.

इलाज साधा: चिकटवताना कंट्रोल-व्हीऐवजी कंट्रोल-शिफ्ट-व्ही. फक्त अक्षरं येतात, सजावट बाहेर राहते. ठळक, यादी, दुवे पुन्हा द्यावे लागतात, पण चार मिनिटांचं काम आहे. नोटपॅडमध्ये टाकून तिथून उचललं तरी तेच.

ठळक देताना ओळीचं शीर्षक नुसतं ठळक करून सोडू नका, त्याला एचटू किंवा एचथ्री हा शीर्षकाचा टॅग द्या. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं साधन) वापरणारे वाचक शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत पान वाचतात, ठळक ओळ त्यांना शीर्षक म्हणून कळतच नाही. बी की स्ट्राँग या वादात मी पडत नाही. दिसायला दोन्ही सारखे. मुद्दा खरोखर महत्त्वाचा असेल तर स्ट्राँग, एवढं पुरे.

व्हॉट्सअ‍ॅपचं उलटं. तिथे ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका, तिरकं करायला खालची रेघ, खोडायला लाटेसारखी खूण लागते. या खुणा व्हॉट्सअ‍ॅपच्या, एचटीएमएलला त्या कळत नाहीत. त्यामुळे ग्रुपवरून उचललेल्या सूचनेत ‘शुक्रवारी पाणी बंद’ या शब्दांच्या दोन्ही बाजूंना तारका लटकतात. त्या हाताने काढाव्या लागतात. शोधून बदलायचं असेल तर सरसकट ‘सगळे बदला’ नको, कारण ‘अटी लागू’च्या खऱ्या तारकाही उडतात.

याच वाटेने इमोजी येतात. सूचना नेमकी पहिल्या इमोजीपाशी तुटत असेल आणि पुढचा मजकूर सोर्समध्येही नसेल, तर एचटीएमएल तपासणं सोडा. साइटचा मजकूर साठवणारा डेटाबेस बघा. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला अक्षरं साठवायचा जुना ‘यूटीएफ८’ प्रकार एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी त्यात बसते, इमोजीला चार लागतात. डेटाबेसमधला तक्ता ‘यूटीएफ८एमबी४’ वर न्यावा लागेल.

फोनवर मजकूर उजवीकडे बाहेर पळतो

संशय घ्यायचा तो न तुटणाऱ्या स्पेसचा, म्हणजे एनबीएसपीचा. संपादक चौकटीत लागोपाठ दोन स्पेस दिल्या की त्यातली एक अशी न तुटणारी बनते. काही ठिकाणांहून चिकटवलं तर प्रत्येक स्पेसच तशी येते. मग अख्खा परिच्छेद ब्राउझरच्या लेखी एकच शब्द ठरतो आणि ओळ कुठे तोडायची हे त्याला कळत नाही. लॅपटॉपवर रुंदी भरपूर असल्याने हे लक्षात येत नाही. क्रोमच्या इन्स्पेक्टमध्ये हे संकेत स्पष्ट दिसतात. सगळे बदलून साध्या स्पेस करा. हवा तिथे एनबीएसपी उपयोगी आहेच: ‘रु.’ आणि आकडा, किंवा ‘श्री.’ आणि नाव यांची ताटातूट होऊ नये म्हणून.

मराठी गेली, चिन्हं आली

इथे चार वेगवेगळे आजार एकाच तक्रारीखाली येतात आणि चारांचे इलाज वेगळे.

पहिला: टोपीवाली, शेपटीवाली युरोपीय अक्षरं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पान कुठल्या पद्धतीने वाचायचं हे ब्राउझरला कळलं नाही तर तो त्या तीन बाइटांची तीन रोमन चिन्हं दाखवतो. ‘ठाणे’ या शब्दात ठ, काना, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं, म्हणून पानावर बारा बाइट उतरतात. प्रत्येक गटाची सुरुवात वर तिरकी रेघ असलेल्या एने होते. त्यात ‘ण’पोटी ब्रिटिश पौंडाची खूण येते आणि मात्रेपोटी जपानी येनची. येन दिसला की मी निर्धास्त होतो. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त आणि देवनागरी अंक यांच्या दुसऱ्या बाइटाला तोच दिसतो, त्यामुळे मूळ मजकूर शाबूत असल्याची बऱ्यापैकी खात्री पटते. पानाच्या हेड भागात मेटा टॅगमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ लिहा. तो पहिल्या १०२४ बाइटांच्या आत हवा, म्हणून लांबलचक मराठी शीर्षकाच्या आधी ठेवा. लिहूनही फरक पडला नाही तर सर्व्हर पानाबरोबर पाठवलेल्या स्वतःच्या हेडरमध्ये दुसरंच काही सांगत असतो, आणि सर्व्हरचं म्हणणं मेटा टॅगपेक्षा वरचढ ठरतं.

दुसरा: नुसती प्रश्नचिन्हं. सोर्समध्येही प्रश्नचिन्हंच असतील तर मजकूर साठवतानाच गेला. परत मिळत नाही. मूळ फाइल मागवा.

तिसरा: रोमन अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं यांची खिचडी, पण टोप्या नाहीत. हा जुन्या फाँटमधला मजकूर. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत संगणकासाठी साठवलेली अक्षरं रोमन असतात, फाँट त्यांच्या जागी देवनागरी काढतो. नौपाड्यातल्या डीटीपीवाल्याकडून आलेली जुन्या स्मरणिकेची फाइल त्याच्या मशीनवर सुंदर दिसते, कारण तिथे फाँट आहे. तो फाँट साइटवर चढवा हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दिसेल मराठी, पण शोधता येणार नाही, फोनचा स्क्रीन रीडर ते इंग्रजी समजून वाचेल, आणि पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. बदलणारी साधनं मिळतात. ती रफार, जोडाक्षरं आणि पहिल्या वेलांटीपाशी अडखळतात, म्हणून नंतर एकदा माणसाने वाचणं आलंच.

चौथा: रिकामे चौकोन. मजकूर ठीक, वाचणाऱ्याच्या मशीनवर त्या अक्षराचा फाँट नाही. सीएसएसमध्ये नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा वेबफाँट (पानाबरोबर उतरणारा फाँट) द्या.

कचऱ्याचे डबे आणि दुसर्या मजल्याच्या पायर्या

वरचं उपशीर्षक मुद्दाम तसं लिहिलंय. त्यातले ‘दुसर्या’ आणि ‘पायर्या’ हे शब्द कितीतरी पानांवर असेच दिसतात, आणि लोक त्याला शुद्धलेखनाची चूक म्हणून टाइप करणाऱ्याला बोलतात. बहुतेक वेळा त्याची चूक नसते. अर्धा र आडवा काढायचे दोन मार्ग आहेत. एकात र, हलन्त, मग एक अदृश्य जोडणारं चिन्ह, मग य. दुसऱ्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त, य. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या बऱ्याच चौकटी अदृश्य चिन्हं कचरा समजून काढून टाकतात. ते चिन्ह गेलं की उरतो र, हलन्त, य, आणि त्याचा होतो रफार. कळफलकात ‘दुसऱ्या’ बरोबर होतं, पानावर ‘दुसर्या’ झालं.

म्हणून ऱ वापरा. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट-जेवर आहे. आधीचा मजकूर सुधारायचा तर र, हलन्त, अदृश्य चिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त असा बदल चिकटवण्याआधी करून घ्या. आधी, हे महत्त्वाचं. चिन्ह एकदा गळून गेलं की ‘सूर्या’ बरोबर आणि ‘पायर्या’ चूक हे यंत्राला ओळखता येत नाही. दोन प्रकार मिसळले तर साइटवरच्या साध्या शोधालाही ते दोन वेगळे शब्द वाटतात, हा आणखी एक तोटा.

अक्षरांचे शेंडे कापले जाणं हेही खास आपलं दुखणं. ‘गणेशमूर्तींची’ हा शब्द घ्या: एकाच अक्षरावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये ओळीची उंची १.२ च्या आसपास असते. त्यात हा मनोरा मावत नाही, वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडतो किंवा चौकटीबाहेर कापला जातो. लाइन-हाइट १.६ ते १.८ ठेवा, आणि ती पिक्सेलमध्ये न देता नुसत्या आकड्यात द्या. पिक्सेलमध्ये दिली तर तीच उंची मोठ्या शीर्षकालाही लागू होते आणि दोन ओळींचं शीर्षक एकावर एक चढतं.

लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा. टेम्प्लेटवाले शीर्षकाची अक्षरं जरा सुटी करतात. इंग्रजीत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे होतात. तिरकी अक्षरंही शक्यतो टाळा. बहुतेक देवनागरी फाँटांत खरी तिरकी अक्षरं नसतातच, ब्राउझर उभी अक्षरं ढकलून तिरकी करतो. ठळकचंही तसंच: फाँटाचं एकच वजन चढवलं असेल तर ब्राउझर अक्षर फुगवून खोटं ठळक तयार करतो, आणि घ, ध, क्ष यांची पोटं भरून जातात. मुक्ता सात वजनांत मिळतो, त्यातली ४०० आणि ७०० अशी दोन घेतली की झालं. तिरो देवनागरी मराठी हा फार देखणा आहे आणि त्यात खरी तिरकी अक्षरंही आहेत, पण वजन एकच. लेखाला उत्तम, ठळक अक्षरांनी भरलेल्या सूचनेला नाही.

एचटीएमएल टॅगवर लँग या गुणधर्मात एमआर लिहिलंय का बघा. बऱ्याच टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजीचा ईएन तसाच राहिलेला असतो. नोटोसारख्या फाँटात ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, आणि ती भाषा मराठी सांगितली तरच येतात. स्क्रीन रीडरही याच गुणधर्मावरून वाचायचा आवाज निवडतो.

सगळं केलं, तरी तसंच दिसतंय

आधी कंट्रोल-एफ५. जुनं सीएसएस ब्राउझरने साठवून ठेवलेलं असतं. दुसऱ्याच्या फोनवर जुनं दिसत असेल तर सीएसएस फाइलच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून एखादा नवा आकडा द्या, म्हणजे ती नव्याने उतरवली जाईल.

त्यानंतरही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर स्क्रीनचा फोटो काढून पाठवू नका. त्यात ना एनबीएसपी दिसतो, ना अदृश्य चिन्ह. पानाचा पत्ता द्या, बिघडलेल्या जागेच्या आसपासचा सोर्स एका टेक्स्ट फाइलमध्ये द्या, आणि सेक्रेटरी काकांकडून आलेली मूळ वर्ड फाइल तशीच जोडा, व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर म्हणून चिकटवून नाही. डॉक्युमेंट म्हणून.